बिनहाताची

आमच्या घरात एक बाई पूर्ण व्हायला तीन बायका लागतात. कपडे आणि दागिने माझे, हात वन्संचे, तोंड सुनेचं. मी कुणाचं तोंड रंगवीन म्हटलं तर भांडण होतं, सुनेनं म्हटलं की ते काम.

या बायका पाचशे वर्षांपूर्वीच्या, सातासमुद्रापारच्या राजवाड्यांतल्या. कुणी राणी, कुणी राजाची लेक, कुणी नुसतीच बड्या घरची. त्यांची खरी चित्रं दूर कुठे संग्रहालयांत पहाऱ्यात असतात. ज्यांना त्या बायका आपल्या जिन्यात, दिवाणखान्यात हव्या असतात त्यांच्यासाठी आम्ही त्या पुन्हा रंगवतो. छापून नाही, हातानं. कॅनव्हासवर, तेलरंगात, सुरकुतीला सुरकुती जुळवून. दलाल मोठ्ठाले छापील नमुने आणून देतो, आम्ही त्यावर चौकटी आखतो आणि कामाला लागतो. खाली मुलाचा फ्रेमचा कारखाना आहे, तिथं दिवसभर करवत चालते. वर दोन मोठ्या खिडक्यांच्या खोलीत आम्ही तिघी, जवसाच्या तेलाचा वास, आणि भिंतीला टेकून वाळत बसलेल्या मालकिणी.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चौथीची परीक्षाही मी दिलेली नाही. पण मखमल गुडघ्यावरून कशी पडते आणि रेशीम कसं पडतं, यातला फरक मला कुणी सांगू नये. सून कॉलेजात चित्रकला शिकून आलेली आहे. ती सांगत नाही. शहाणी आहे.

त्या बायकांची नावं इतकी लांबलचक की जिभेला पीळ पडावा. म्हणून आम्ही आमची ठेवली होती. एक रुसलेली, एक जाड मानेची, एक मोतीवाली. एकीचं नाव सासू. वन्सं म्हणायच्या, ही तुझ्यावर गेलीय. मी म्हणायचे, मी तिच्यावर गेले म्हणा, ती पाचशे वर्षांनी मोठी आहे, वयाचा मान ठेवा.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारायची माझी छाती झाली नाही, आणि माझी छाती लहान नाही. मी एकोणिसाव्या वर्षी या घरात आले तेव्हा त्या सव्वीसच्या होत्या, आणि हात रंगवण्यात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. घरात सगळे त्यांना वचकून असत. मला येऊन आठवडा झाला नसेल, त्यांनी एक कॅनव्हास सगळ्यांसमोर उभा केला आणि विचारलं, कसे झालेत हात? सासऱ्यांनी मान डोलावली, नवऱ्यानं वा म्हटलं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, अंगठा शेजारच्या घरून उसना आणल्यासारखा दिसतो.

सासूबाईंच्या हातातलं भांडंच पडायचं बाकी होतं. वन्संनी वाकून अंगठ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग चिंधी घेतली, अंगठा पुसून टाकला आणि हसत सुटल्या. त्या दिवसापासून मी मिरची झाले. आणि त्या दिवसापासून मला विचारल्याशिवाय त्यांनी एकही कॅनव्हास जिन्यावरून खाली जाऊ दिला नाही. "काय गं मिरचे, कसं झालंय?" मी सांगायचे. मनगट सुजलंय. करंगळी उपाशी आहे. हा हात बाईचा नाही, खाटकाचा आहे. कधीमधी म्हणायचे, जाऊ द्या, पास आहे. यापुढे माझी मजल गेली नाही. त्या त्यावर खूश असायच्या.

मोती रंगवायला मला त्यांनीच शिकवलं. आधी राखाडी गोळा. एका अंगाला सावली. खालच्या कडेला परतून आलेला मंद उजेड. आणि शेवटी वर डावीकडे पांढऱ्याचा एक ठिपका. ठिपका दिला की ब्रश उचलायचा, पुन्हा वळून बघायचं नाही. चाळीसच्या वर वर्षं मी मोती काढले. माझा हात आता मला न विचारता मोती काढतो.

दोन वर्षांपूर्वी दलाल दोन चित्रं परत घेऊन आला. हात बघा म्हणाला. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, ज्यांचं मीठ खाऊन तुझी ढेरी सुटली त्यांच्या हातांना नावं ठेवतोस. तो बिचारा चित्रं टेकवून निघून गेला. मग मी ती खिडकीपाशी नेली.

तो खरं बोलत होता. बोटांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या झाल्या होत्या. एक रेघ जिथं हवी तिथं तीन. मला गेल्या काही महिन्यांत हे दिसलं नव्हतं असं नाही. मी बघत नव्हते. आणि त्याच काही महिन्यांत वन्संनी मला विचारणंही टाळलं होतं, तेही माझ्या लक्षात आलं ते त्या दिवशी.

सून त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. कंप आहे, असं डॉक्टर म्हणाले. वाढत जाणारा आहे, गोळ्यांनी थोडा धीमा होईल. सुनेनं हे मला जिन्यात सांगितलं. वन्संना एवढंच सांगितलं होतं की गोळ्या नेमानं घ्यायच्या.

आणि त्याच आठवड्यात मोठं काम आलं. एका हॉटेलच्या जिन्यासाठी आठ बायका. प्रत्येकीचे दोन हात, म्हणजे सोळा. वन्संनी कंबर कसली. सकाळी उठून ब्रश बांधल्यासारखा मुठीत धरायच्या, डाव्या हातानं उजवं मनगट आवळायच्या आणि कामाला बसायच्या. मी तिरप्या नजरेनं बघत होते. पहिल्या दिवशी जे उतरलं ते रुसलेलीच्या मांडीवर ठेवलेले दोन ओले चिखलाचे गोळे होते.

मी सांगायला हवं होतं. कधी कुणाची भीड धरली नाही मी. नवऱ्याला त्याच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणाले होते, तुम्ही औषध नाही, माझा जीव घेताय. पण त्या दिवशी वन्सं स्टुलावरून उठल्या, दुपारचं आडवं व्हायला खाली निघाल्या, आणि जाता जाता त्यांनी रुसलेलीकडे असं पाहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटली.

त्या झोपल्या. मी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली, दोन्ही हात पुसले आणि नमुन्याकडे बघून पुन्हा रंगवले. रंग ओलाच होता, कुठं जोड दिसला नाही. सून तोंडं रंगवता रंगवता बघत होती. म्हणाली, आई, सांगून टाका त्यांना. मी म्हटलं, तू तुझी तोंडं बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं चित्रासमोर उभ्या राहिल्या. वळल्या नाहीत. मलाच राहवलं नाही. म्हणाले, काल हात बरा चालला तुमचा.

"चालला ना?" त्या म्हणाल्या. "मला काल काही तसं वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, दमल्या होतात, म्हणून वाटलं नसेल.

असं चार महिने चाललं. सकाळी त्यांनी काढायचं, दुपारी मी पुसायचं. आणि रोज सकाळी मी म्हणायचे, काल हात बरा चालला. एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी गप्प बसणं म्हणजे खरं बोलल्यासारखंच होतं, म्हणून बोलत राहावं लागलं. त्यांना वाटलं गोळ्या लागू पडल्या. चेहऱ्यावर तेज आलं. कधी नव्हे ते गुणगुणायला लागल्या, तेही बेसूर. मी सांगितलं बेसूर आहे. तेवढं खरं बोलायला मिळालं तर मला केवढं हलकं वाटलं. जेवताना चमच्यातलं सांडायचं, ते त्या हसण्यावारी न्यायच्या. कामाच्या वेळी स्थिर असतो ना, म्हणायच्या, मग खाताना नाचू दे त्याला.

सूनही मग बोलेनाशी झाली. आनंदात असलेल्या म्हाताऱ्या बाईला कोण काय सांगणार.

आठ बायका पुऱ्या होत आल्या तेव्हा वन्सं म्हणाल्या, मला एक कॅनव्हास हवाय, माझ्यासाठी. नमुन्यापेक्षा दीड वीत जास्त लांब. मुलानं ताणून दिला. त्यांनी तो खिडकीच्या कोपऱ्यात उलटा करून ठेवला, भिंतीकडे तोंड, आणि सगळ्यांना बजावलं की कुणी बघायचं नाही. त्या दुपारचं झोपायच्याही बंद झाल्या. आम्ही जेवायला गेलो की त्या वर कामाला बसायच्या. ते चित्र माझ्या चिंधीच्या टप्प्याबाहेर राहिलं.

महिन्यानं एका सकाळी त्यांनी मला एकटीला वर बोलावलं आणि कॅनव्हास वळवला.

एका बाजूनं तोंड दिसणारी एक राजकन्या होती. हिचा नमुना आमच्याकडे वर्षानुवर्षं आहे, दर वर्षी दोनचार तरी जातात. साधा काळा झगा, केस मागं बांधलेले, नजर समोर, आणि चित्र छातीखालीच संपतं. हिला हात नाहीत. म्हणजे होते असतील, चितारणाऱ्यानं काढले नाहीत. आम्ही तिला बिनहाताची म्हणायचो. वन्संच्या वाट्याला तिचं काम कधी यायचं नाही. कपडे मी करायचे, तोंड आधी नवरा आणि मग सून, आणि बिनहाताची तयार. वन्सं म्हणायच्या, या पोरीशी माझी चाळीस वर्षांत ओळखच झाली नाही.

आता त्यांनी तिला खाली वाढवलं होतं. झगा दीड वीत पुढं नेला होता आणि त्यावर तिला हात दिले होते. एका हातानं तिनं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं. कुठल्याही नमुन्यात असे हात नाहीत. वन्संनी जन्मभर दुसऱ्यांचे हात उतरवले, हे पहिलेच त्यांनी आपल्या मनानं काढलेले.

आणि ते थरथरत होते. चित्रात, जागच्या जागी. नखं कुठं संपतात आणि बोटं कुठं सुरू होतात ते कळत नव्हतं. एकेका रेघेवर चार चार वेळा ब्रश फिरून रंगाचे कंगोरे उभे राहिले होते.

"कसे झालेत?" वन्संनी विचारलं.

नमुना नव्हता. कशाशी ताडून बघणार. असेच काढायचे होते म्हटलं तर कोण नाही म्हणणार, असा विचार माझ्या मनात आला, तो मी इथं लपवत नाही.

"छान झालेत, वन्सं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"छान हा शब्द तू कधी शिकलीस?"

त्यांनी मला दंडाला धरून पलीकडच्या भिंतीपाशी नेलं. तिथं हॉटेलच्या आठही जणी वाळत होत्या. वन्सं रुसलेलीसमोर थांबल्या आणि थरथरत्या बोटानं तिच्या मांडीवरच्या हातांकडे दाखवलं.

"या नखांवर मोती कुणी ठेवले?"

मी पाहिलं. प्रत्येक नखावर, वर डावीकडे, पांढऱ्याचा एक ठिपका होता. खालच्या कडेला परतून आलेला मंद उजेड. मी पुढची बघितली, तिच्या पुढची बघितली. सोळा हातांना जिथं जिथं नख दिसत होतं तिथं तिथं मोती. नखाला अशी चकाकी नसते. या बायकांची नखं कातडीसारखीच असतात, निस्तेज, नुसती एक कड. चार महिने मी ते ठिपके देत होते आणि चार महिने मला ते दिसले नव्हते. ठिपका दिला की वळून बघायचं नाही, हे मला शिकवणारी माझ्या शेजारी उभी होती.

वन्सं म्हणाल्या, बिनहाताचीचे हात असे का झाले ते कळेना, म्हणून त्या आज पहाटे आपलेच जुने हात बघायला इथं आल्या होत्या.

"किती जणींचे तू केलेस?"

"सगळ्यांचे."

त्या माझ्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता तोंड सोडतील. सोडलं असतं तर बरं झालं असतं, मला त्यात उत्तर देता येतं.

"पुसलेस त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "घराचं काम आहे, मीही पुसलं असतं. पण रोज सकाळी मला सांगायचीस, काल हात बरा चालला. अगं, या घरात सगळे माझ्याशी गोड बोलायचे. बाबा बोलायचे, भाऊ बोलायचा. मी कुणाचं मनावर घेतलं नाही. तू बोललीस ते तेवढं खरं धरलं. म्हणून तर हिला हात द्यायला बसले."

खाली करवत चालू झाली. मग थांबली.

"आता सांग," त्या म्हणाल्या.

मी बिनहाताचीसमोर जाऊन उभी राहिले. पाठमोरं असल्यामुळे बोलता आलं. म्हटलं, रेघ कुठंच ठरत नाही. बोटांत हाडं राहिलेली नाहीत. रंग साचलाय. मनगट धरलंय ते तेवढं खरं वाटतं, बाकी नाही.

"कुणाला दाखवण्यासारखे?"

"नाहीत."

"तोंड?"

"तोंडाचीही कड हललीय. सुनेनं थोडं सावरलं तर दलाल घेईल."

"मग कॅनव्हास वाया घालवू नकोस," वन्सं म्हणाल्या. "वाळलं की हातांवर तुझी मखमल घाल. हिला हात नव्हतेच. नसू देत."

मी म्हटलं, राहू दे की घरात, आपल्यापुरतं. त्या म्हणाल्या, विकण्यासारखं नाही ते या खोलीत ठेवायचं नसतं, हे तुला मीच सांगितलं होतं. मग त्या उठल्या. आपले ब्रश त्यांनी साबणानं धुतले, एकेकाचे केस बोटांनी सरळ केले, त्याला बराच वेळ लागला आणि मी मदतीला गेले नाही. फडक्यात गुंडाळून त्यांनी ते सुनेच्या टेबलावर ठेवले. माझ्या नाही. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. त्यानंतर त्या वर आल्या नाहीत.

हॉटेलवाले आठही चित्रं घेऊन गेले. नखांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. उलट निरोप आला की मालकीणबाईंना हात फार आवडले. त्या जिन्यात आजही आठ जणी नखांवर मोती लावून उभ्या असतील आणि पाहुणे त्यांच्यासमोर फोटो काढत असतील. जगाची नजर अशी. एका बाईची नजर तेवढी चुकवता आली नाही.

बिनहाताची वाळायला तीन आठवडे लागले. नंतरचे दोन मी उगाच घालवले. शेवटी सून म्हणाली, आई, मी करू का? मग मात्र मी बसले. खालचा रंग इतका जाड होता की आधी पात्यानं खरवडून, घासून सपाट करायला हवा होता. कुठलाही कारागीर तेच करील. मी पातं हातात घेतलं, बोटांपाशी टेकवलं आणि परत ठेवलं. तसाच काळा कालवला आणि वरून मखमल घालत गेले. आधी करंगळ्या गेल्या. मग तळहात. मनगट सगळ्यात शेवटी. सून म्हणाली, घासून घ्या हो, कंगोरे उठून दिसतील. मी ब्रश पुन्हा काळ्यात बुडवला.

काळी मखमल मी आयुष्यात पुष्कळ केली. त्यात उजेड फार जपून द्यावा लागतो, नाहीतर ऑइलक्लॉथ दिसतं. त्या दिवशी मी उजेड दिलाच नाही. खालच्या कंगोऱ्यांवर तो आपला आपणच पडत होता.

काम संपवून मी हात धुतले आणि खाली वन्संच्या खोलीत चहा घेऊन गेले. टळटळीत दुपार होती. त्या कुशीवर निजल्या होत्या, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं. ते महिनाभर असंच चाललं होतं. मी काही बोलले की हो किंवा नाही म्हणायच्या, जेवण पुढं केलं की जेवायच्या. गोळ्या सुनेच्या हातून घ्यायच्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"काही दिसत तर नाही ना?"

कप माझ्या हातातच होता. नाही म्हणणं सोपं होतं. त्या काही जिना चढून बघायला येणार नव्हत्या.

"दिसतं," मी म्हटलं. "समोरून नाही. खिडकीच्या अंगानं तिरपं बघितलं की दोन्ही हात दिसतात. मी घासले नाहीत."



"काम कच्चं केलंस," त्या म्हणाल्या.

"हो, वन्सं."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी कप खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. त्या झोपल्या नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या दुखण्यात माणूस झोपलं की हात शांत होतो. पांघरूण हलत होतं.